डोक्यावर रेघ असलेला प

मी डीटीपीचं काम करते. दुसऱ्याने लिहिलेलं टाइप करायचं, पानावर नीट बसवायचं, प्रूफ काढायचं आणि त्यातलं काही मनाला लावून घ्यायचं नाही, हे या कामातलं पहिलं शिक्षण. सुरतेत रिंग रोडच्या मागच्या गल्लीत आमचं प्रेस आहे. साड्यांच्या बॉक्सवरची लेबलं, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, कोणी गेलं की बेसण्याची, म्हणजे शोकसभेची, पत्रं. गुजराती, हिंदी, मराठी तिन्ही मी करते. वीस वर्षांत कितीतरी लोकांच्या थापा मी सुबक टाइपात बसवल्या आणि दुपारी शांतपणे डबा खाल्ला. मागच्या हिवाळ्यात मात्र एका हस्तलिखिताच्या एकेचाळिसाव्या पानावर माझे हात कीबोर्डवरून खाली आले.

शहरातल्या एका मंडळाचा तो इतिहास होता. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांचं मंडळ. त्याचे सेक्रेटरी, ऐंशीच्या घरातले, पांढऱ्या सफारीतले, स्वतः रिक्षाने दोन खोकी घेऊन प्रेसमध्ये आले होते. एकात त्यांच्या हातचं लिखाण, दुसऱ्यात जुने फोटो, पत्रं, फाइली. "आमांथी शुं शुं स्कॅन करवानुं ते तुं ज जोई ले, बेन," असं म्हणाले आणि चहा पिऊन गेले. मी कोणाची मुलगी हे त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांना दारातच ओळखलं होतं. पण काम आहे, करून टाकू, असं स्वतःला बजावलं. मी चिडकी आहे हे प्रेसमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कामाच्या वेळी मी जरा जास्तच गप्प राहते.

इतिहासातलं सगळ्यात जाड प्रकरण परदेशी मेंबरांचं होतं. नैरोबीचे, लेस्टरचे, डर्बनचे, न्यू जर्सीचे. कोण कधी गेलं, कोणी तिथून कोणती तिकिटं पाठवली, कोणाचं दिवाळीला न चुकता कार्ड यायचं. प्रत्येकाचा सुटातला फोटो. आणि त्या फोटोंच्या मधोमध चार ओळी होत्या. त्यांचा अर्थ असा: याच काळात पांडेसऱ्याच्या एका कामगार सभ्याच्या हातून, परदेशाहून परतलेल्या पॅकेटमधलं एक मौल्यवान तिकीट नाहीसं झालं. त्या दुःखद प्रसंगानंतर पॅकेट कोणाच्या हाती द्यावं याबाबत मंडळ सावध झालं.

गुजरातीत मेंबरला सभ्य म्हणतात. मराठीत त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, आणि तो अर्थ या मंडळात मला कधी फारसा दिसला नाही. नाव लिहिलं नव्हतं, एवढाच काय तो सभ्यपणा. पण पांडेसऱ्याचा, म्हणजे शहराबाहेरच्या त्या मिलवस्तीतला, कामगार मेंबर मंडळात एकच होता. तो माझा बाप. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते हयात आहेत, बमरोलीत आमच्याबरोबर राहतात, रोज सकाळी भिंग लावून पेपर वाचतात. आणि ते तिकीट त्यांनी घेतलं नव्हतं.

आता ही गोष्ट छापून लेस्टर, नैरोबी, डर्बनला जाणार होती. आणि ती टाइप करायची होती मी.

आबा खानदेशातून आले ते पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कलर किचनला. किचन म्हणजे कापडावर छापायचा रंग घोटायची जागा. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण कोणता रंग पक्का, कोणता कच्चा, कोणता कोमट पाण्यातही जीव सोडेल, हे नुसतं बघून सांगायचा. मिलच्या ऑफिसात बाहेर देशांतल्या रंगवाल्या कंपन्यांची पाकिटं यायची आणि फाडून टोपलीत जायची. आबा ती टोपलीतून उचलून आणायचे. तिकीट कागदासकट कापायचं, आईच्या भगोण्यात कोमट पाणी घेऊन त्यात चित्र वर करून सोडायचं, अर्ध्या तासाने ते आपोआप कागदापासून सुटतं. मग चिमट्याने उचलून वर्तमानपत्रावर पालथं वाळवायचं. आईला भगोण्याला लागलेला डिंकाचा वास अजिबात खपत नसे. त्यावरून आमच्या खोलीत दर रविवारी भांडण असे, आणि तेही ठरल्यासारखं साडेदहा वाजता.

मंडळाला आबांचा पत्ता कसा लागला हे मला नक्की माहीत नाही. मिलच्या कोणा बाबूने सांगितलं असावं. मंडळाकडे परदेशी मेंबर पोती पाठवायचे. खरोखरची पोती, कागदासकट कापलेल्या हजारो तिकिटांची. ती भिजवायची, सोडवायची, वाळवायची कोणी? सुटातली माणसं ती पाठवत होती आणि सफारीतली माणसं ती वाटून घेत होती. मधलं ओलं काम माझ्या बापाकडे आलं. त्या बदल्यात त्यांना मेंबर करून घेतलं, आणि याचा त्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी मिलमधून येताना आईसाठी नवीन भगोणं आणलं. मला आता त्या आनंदाचाच राग येतो.

पॅकेटची पद्धत इथं सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ज्याला आपल्याकडची जादा तिकिटं द्यायची असतील तो ती वहीसारख्या पानांवर, आखलेल्या चौकटींत लावतो. ही पानं एका पाकिटात घालून मेंबरांमध्ये फिरवतात. तुम्हाला एखादं तिकीट हवं असेल तर ते काढून घ्यायचं आणि रिकाम्या झालेल्या चौकटीत आपली खूण करायची. खूण म्हणजे, इथं जे होतं ते मी घेतलं. रिकामी चौकट खुणेशिवाय सोडणं ही मंडळात सगळ्यात मोठी बेअदबी. जुने मेंबर आपला नंबर लिहायचे. आबांना सेक्रेटरींनी सांगितलं, तुम्ही आमचे पांडेसऱ्याचे एकटेच, तुम्ही 'प' करा. आबांनी 'प' करायला सुरुवात केली. मराठी माणसाचा 'प', आधी पोट, मग काना, मग वर ठसठशीत रेघ. सातवीच्या गुरुजींनी रेघेशिवाय अक्षर काढू दिलं नव्हतं, आणि आबांनी आयुष्यात कधी काढलं नाही. किराणाच्या यादीतसुद्धा नाही.

गुजराती लिपीत कुठल्याच अक्षराला डोक्यावर रेघ नसते. आणि गुजराती पाचाचा आकडा हुबेहूब आपल्या 'प' सारखा दिसतो, फक्त रेघ नाही. गुजराती 'प' अक्षरही तसंच दिसतं. मी रोज टाइप करते म्हणून सांगते, पाच आणि 'प' या दोन वेगळ्या कळा आहेत, पण कागदावर उमटले की नजरेला फरक पडत नाही. पाच तारखेच्या लग्नाच्या पत्रिकेत पाचाऐवजी 'प' बसलेला मी किमान चारदा पकडलाय. वाचणाऱ्याला कळत नाही, कारण त्याला तारीख हवी असते आणि तो तारीखच वाचतो. ज्याला जे वाचायचं असतं ते तो वाचतो. मंडळाच्या मेंबर नंबर पाचचंही हेच झालं.

मेंबर नंबर पाच म्हणजे लेस्टरचे गृहस्थ. मंडळ सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या मंडळींतले, पुढे इंग्लंडला गेले. मी दहा वर्षांची असताना एक पॅकेट त्यांच्याकडे गेलं आणि पावसाळ्यात परत आलं ते भिजून. बरोबरची चिठ्ठी, म्हणजे त्यांनी काय काय घेतलं ते, शाई पसरून वाचण्यासारखी राहिली नव्हती. काही तिकिटं पानाला चिकटली होती. सेक्रेटरींनी पार्सल उघडलं आणि तसंच आबांच्या हाती दिलं, सोडवून आणा म्हणून. आबांनी आठ दिवस लावून एकेक तिकीट सोडवलं. एकाचाही रंग जाऊ दिला नाही. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, मला बरोबर घेऊन, नानपुऱ्यातल्या शाळेच्या ज्या वर्गात मंडळ भरायचं तिथं ते पॅकेट देऊन आले.

पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर विचारणा झाली. एका पानावर जुन्या संस्थानाचं, छपाईत चुकलेलं एक तिकीट होतं, ते नव्हतं. चौकटीत खूण होती. ती 'प' होती असं मंडळाने ठरवलं, आणि पॅकेट आबांकडे नुसतं सोडवायला दिलं होतं, त्यातून काही घ्यायचा त्यांना हक्क नव्हता. आबा म्हणाले, मी घेतलं नाही. मग तुमची खूण कशी? आबांनी पान हातात घेतलं, उजेडाकडे नेलं आणि मोडक्या गुजरातीत सांगितलं की हा माझा 'प' नाही, माझ्या 'प' ला वर रेघ असते. वर्गात हसू पसरलं. एकजण म्हणाला, "प एटले प, भाई." मग आबा म्हणाले, हा पाच असेल, लेस्टरच्या साहेबांचा. तेव्हा सेक्रेटरी, तेव्हाही हेच सेक्रेटरी, समजूत घातल्यासारखं बोलले, की इंग्लंडमध्ये राहणारा माणूस इंग्रजी पाच लिहील, गुजराती कशाला लिहील? हे सगळ्यांना पटलं. मीही तिथेच बाकावर बसले होते आणि खरं सांगते, मलाही क्षणभर पटलं. त्याची शरम मला अजून आहे.

आबांनी एकच मागितलं, की लेस्टरला पत्र टाकून विचारा. सेक्रेटरी हो म्हणाले. पुढच्या सभेत आबांनी विचारलं, उत्तर आलं का? नाही आलं. त्याच्या पुढच्या सभेत विचारलं. नाही आलं. तिसऱ्या सभेत त्यांनी विचारलं तेव्हा उत्तरही कोणी दिलं नाही. पॅकेट फिरत होतं. उजवीकडच्या माणसाने ते घेतलं, पाहिलं, आणि माझ्या बापाच्या गुडघ्यांवरून हात लांब करून डावीकडच्या माणसाला दिलं. आबांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. मी तो हात बघत होते. नखांत निळा रंग होता, तो कधीच जायचा नाही. आम्ही सभा संपेपर्यंत बसलो, कारण मधूनच उठणं त्यांना बरं वाटेना. त्यानंतर ते गेले नाहीत.

काढून टाकलं असं कोणी म्हटलं नाही. नुसतं सभेचं पोस्टकार्ड यायचं थांबलं. पण पोती यायची थांबली नाहीत. हे मी आजवर कोणाला सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. पुढचं वर्षभर मंडळाची पोती टेम्पोतून आमच्या दाराशी येत राहिली आणि आबा ती भिजवत राहिले. चोराच्या हाती पॅकेट नको होतं, चोराच्या हातून धुतलेली तिकिटं चालत होती. आईने शेवटी एक पोतं उचलून दाराबाहेर ठेवलं आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, परत ने. माझ्या आईबद्दल मला अभिमान वाटतो अशा ज्या काही गोष्टी आहेत त्यांत ही पहिली.

आबांची स्वतःची तिकिटं एका पत्र्याच्या पेटीत गेली. मिल सुटली, नजर अधू झाली, आई गेली. त्यांनी कधी कोणाला शिव्या दिल्या नाहीत. घरात तो विषय निघाला की एकच वाक्य असे: "हाऊ प मना नही शे. मना प ना डोकावर रेघ ऱ्हास." आणि मग म्हणत, त्यांचीही चूक नाही, त्यांना रेघेची सवय नाही. मला वाटतं, ते यावर जगले. चूक झाली, समजुतीचा घोटाळा झाला, असं मानून.

तर आता प्रेसमध्ये, एकेचाळिसाव्या पानासमोर, मी ते दुसरं खोकं उघडलं. रीतसर परवानगी होती, काय स्कॅन करायचं ते तूच बघ म्हणून. लेस्टरच्या नावाची फाइल जाड होती. तिच्यात ते पान निघालं. पुरावा म्हणून जपून ठेवलेलं, कडा पिवळ्या झालेल्या. मी ते स्कॅनरवर ठेवलं आणि स्क्रीनवर चारशे टक्के मोठं केलं. चौकटभर खूण. डोक्यावर काही नाही, रेघेचा ठिपकाही नाही. आणि काना सरळ खाली न उतरता शेवटी उजवीकडे पाय लांब करत गेलेला, जसा गुजराती माणूस घाईत पाच लिहितो. तिथंच ठेवलेल्या लेस्टरच्या गुजराती पत्रांवर गुजराती आकड्यांतल्या तारखा होत्या. प्रत्येक पाच तसाच पाय ओढणारा. पाच मिनिटांचं काम होतं. कोणीही बसून केलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं.

इथवर मी रागावले नव्हते म्हटलं तरी चालेल. त्याच फाइलमध्ये पुढे एक निळं हवाईपत्र होतं.

पत्र सेक्रेटरींना लिहिलेलं. त्यातला मजकूर मला आता पाठ आहे. लेस्टरच्या गृहस्थांनी लिहिलं होतं की होय, संस्थानाचं ते तिकीट मीच घेतलं, चिठ्ठीत लिहिलं होतं, भिजलं असेल. इथं दिवसभर सगळं इंग्रजीत लिहावं लागतं, म्हणून या वेळी पॅकेटवर मुद्दाम आपला गुजराती पाच काढला, बरं वाटलं. आणि खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं: तिकिटं भिजवून सोडवणाऱ्या पांडेसऱ्याच्या त्या भाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांच्या हातची तिकिटं इथल्या लोकांना दाखवतो, असं काम इथं कोणाला जमत नाही.

पत्राच्या कोपऱ्यात लाल पेनाने बरोबरची खूण केलेली होती. तिच्याखाली 'वाच्युं', म्हणजे वाचलं, असं लिहून सेक्रेटरींची सही.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मी मशीन बंद केलं, पत्र, पान आणि हस्तलिखिताची ती चार ओळींची शीट पिशवीत घातली, प्रेसच्या शेठना अर्धी रजा सांगितली आणि रिक्षा करून थेट सेक्रेटरींच्या घरी गेले.

ते झोपाळ्यावर बसले होते. मी कोण ते सांगितलं. त्यांना आठवायला वेळ लागला, हे नाटक नव्हतं, खरंच वेळ लागला. मग मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा बदलून सगळं वाचलं, कोपऱ्यातली स्वतःची सही बोटाने पुसल्यासारखी चाचपली, आणि म्हणाले, "ए तो रही गयुं, बेन."

ते राहून गेलं. दूध आणायचं राहून गेलं, छत्री राहून गेली, तसं. मी विचारलं, सांगायचं कसं राहून गेलं? ते म्हणाले, पत्र चार महिन्यांनी आलं, तोवर तुझे वडील यायचे बंद झाले होते. पोस्टकार्ड टाकायचं? तेव्हा कामं फार होती. जाऊन सांगायचं? "पांडेसरा त्यारे केटलुं आघुं हतुं."

लेस्टरला दर महिन्याला पत्र जात होतं, आणि पांडेसरा लांब होतं. मी म्हटलं, काका, तुमची पोती येत होती आमच्या दारात. पोत्यांना पांडेसरा लांब पडत नव्हतं. टेम्पोवाल्याच्या हातात एक चिठ्ठी दिली असती तरी पोचली असती. बरं, तेव्हा राहून गेलं. पण आज पुस्तक लिहिताना चोरी बरी आठवली, पत्र तेवढं राहून गेलं? त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता माफी मागतील. ते म्हणाले, मिनिटबुकात जे होतं ते मी उतरवलं.

मग व्यवहाराचं बोलणं सुरू झालं. त्या चार ओळी काढून टाकू, ते म्हणाले, विषय संपला. मी म्हटलं, विषय तुमचा संपला. त्या जागी हे पत्र छापा. नाही, ते जमणार नाही. लेस्टरचे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले, पुस्तक त्यांना अर्पण केलंय, त्यांचं कुटुंब प्रकाशनाला येणार, त्यांच्यापुढे मंडळाची शोभा होईल. बघा आता. ज्या माणसाने सरळ मनाने मी घेतलं म्हणून लिहिलं, वर नमस्कार पाठवला, त्याच्याच नावाखाली ते पत्र झाकायचं होतं. एवढी वर्षं मी त्या लेस्टरवाल्याला मनातल्या मनात काय काय बोलले होते. ते सगळं मी त्या झोपाळ्यासमोर उभी राहून परत घेतलं, आणि ज्यांना द्यायचं होतं त्यांना मनातच दिलं. तोंडाने म्हटलं, ठीक आहे, ओळी काढते. उद्या प्रूफ पाठवते.

प्रूफ मी आधी घरी नेलं. ओळी काढल्या होत्या, पण पान पुन्हा बसवलं नव्हतं, त्यामुळे दोन फोटोंच्या मधे चार ओळींची रिकामी जागा तशीच होती. ती मी मुद्दाम ठेवली होती का, हे मला विचारू नका. आबा खिडकीपाशी भिंग घेऊन बसले होते. मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि हवाईपत्र वाचून दाखवलं. नमस्काराच्या ओळीला त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मी वाचली. चेहरा उजळला त्यांचा. मला वाटलं, झालं, एवढ्यासाठी आले मी.

मग त्यांनी भिंग कोपऱ्यावर धरलं. लाल खूण, 'वाच्युं', सही. बराच वेळ धरलं.

"हाई वाचेल व्हतं त्यासनी?" त्यांनी विचारलं.

हो म्हटलं.

"माले इतला दिन वाटे, चूक व्हई गयी व्हई."

मी त्यांचा निर्दोषपणा घेऊन आले होते आणि त्यांच्यापाशी जे एक बरं होतं ते काढून घेतलं होतं. तीस वर्षं त्यांनी त्या लोकांना जी सवलत दिली होती, अजाणता चूक झाली असेल अशी, ती त्या लाल सहीने संपली. माझ्या बापाला मी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. ओरडले नाहीत. जबडा आवळला, हाताने मांडीवरचं धोतर घट्ट धरलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या शेडमधले लूम चालू होते. मला वाटलं, न सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आणि लगेच त्याचाही राग आला, की हे ओझंही शेवटी आमच्याच घरात येऊन पडावं.

थोड्या वेळाने त्यांनी प्रूफ मागितलं. पान भिंगाखाली घेतलं, फोटो पाहिले, मधली रिकामी जागा पाहिली.

"पेन दे," म्हणाले. "रिकामी जागा सही बिगर ठेवानी नही."

पेन घेऊन ते पानावर वाकले. आधी पोट काढलं, मग काना. मग पेन उचलून डावीकडे नेलं आणि वर रेघ ओढली, इतकी जोर देऊन की कागदाला मागून उठाव आला.

मी ते स्कॅन केलं आणि पानावर त्याच जागी, त्याच मापात बसवलं. लपवाछपवी केली नाही. ते पान धरून सगळं प्रूफ सेक्रेटरींकडे पाठवलं. त्यांनी परदेशी मेंबरांच्या फोटोंखालची नावं तीन-तीनदा तपासली, डर्बनच्या एकाचं आडनाव दुरुस्त केलं, आणि पानापानावर 'वाच्युं' लिहून सही केली. आबांचा 'प' असलेल्या पानावरसुद्धा.

पुस्तकं छापून झाली तेव्हा गठ्ठे पोचवायला टेम्पोबरोबर मी गेले. प्रेसमध्ये ते माझं काम नाही, मी मागून घेतलं. सेक्रेटरींनी एक प्रत उघडली, वास घेतला, पानं उलटत उलटत लेस्टरच्या फोटोपाशी थांबले. मग चष्मा बदलला.

"बेन, आ शुं छे? कंईक छपाई गयुं छे वच्चे."

मी म्हटलं, छपाईची चूक नाही काका, सही आहे. तुमच्या मंडळाचीच पद्धत आहे, जागा रिकामी केली की खूण करायची. इथं जे होतं ते माझ्या वडिलांनी काढून घेतलं.

त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. मी म्हटलं, वरची रेघ बघा.